पडीक जमीन कोणाची?

गेल्या अंकी आम्ही घरातील जुन्या पोथ्यांची निगा कशी राखावी याविषयी चार शब्द लिहिले होते, व या अंकी तोच विषय पुरा करण्याचे योजिले होते. परंतु मध्यंतरी आमच्याच घरी असा एक प्रश्न उपस्थित झाला की, तो बाजूस सारून कसरीवाळवीविषयी लिहीत बसणे आम्हांस प्रशस्त वाटेना. शिवाय हा प्रश्न आज ना उद्या आमच्या पुष्कळ वाचकांच्या ओसरीवर येऊन बसणार, अशी आमची खात्री झाली आहे. सबब तो येथे मांडीत आहो.

आमच्या वडिलार्जित जमिनीपैकी जिंतूर तालुक्यातील चौदा एकरांचा एक माळ आजमितीस कुटुंबाकडे शिल्लक आहे. काळी जमीन होती ती १९५० च्या हैदराबाद कूळकायद्यान्वये कसणाऱ्यांकडे गेली. आणि जे पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरीत होते त्यांसच ती मिळाली, हे न्याय्यच झाले. माळ मात्र कोणी कसतच नव्हते म्हणून आमच्याकडे राहिला. मुरूम, खडक, कुसळी गवत, चार बोरी, दोन बाभळी आणि पूर्वेच्या उतारावर होळीपर्यंत वाहणारा एक झरा, एवढी त्याची दौलत. सातबाराच्या उताऱ्यावर त्याच्यापुढे ‘पड’ असा शेरा आहे. आणि खरे सांगावयाचे तर आमच्या मनातही त्याची नोंद तशीच होती.

दिवाळीच्या सुमारास सूर्यप्रकाशापासून वीज तयार करणाऱ्या एका कंपनीचे गृहस्थ आमच्याकडे आले. बोलण्यात नम्र, कागदपत्रांत चोख. त्यांनी सांगितलेला हिशेब असा. राज्य सरकारने २०१७ साली ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ काढली व २०२३ साली तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. या योजनेत विजेच्या उपकेंद्राजवळची जमीन भाडेपट्ट्याने घेऊन तीवर सौरपट्ट्या मांडावयाच्या, आणि ती वीज त्याच भागातील शेतीपंपांस दिवसा पुरवावयाची. खाजगी जमिनीस भाडे हेक्टरी दरसाल सव्वा लाख रुपये, व त्यात प्रतिवर्षी तीन टक्के वाढ. चौदा एकर म्हणजे सुमारे ५.६७ हेक्टर, अर्थात वर्षास सात लाखांच्या वर रक्कम. ज्या माळाने आम्हांस आजवर बोरांखेरीज काही दिले नाही, त्याने एकाएकी सात लाख देऊ करावे, हे ऐकून घरात काय झाले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

पुण्याचे आमचे धाकटे बंधू दूरध्वनीवर म्हणाले, “दादा, यात विचार कसला करायचा? सही करून टाका.” त्यांच्या घरी दीर्घ आजारपण आहे व औषधांचा खर्च दरमहा वाढतो आहे, त्यांची घाई लोभाची नव्हती, हे आम्ही येथेच नमूद करून ठेवितो. थोरल्या कै. बंधूंचे चिरंजीव जर्मनीत अभियंते आहेत. ते म्हणाले, “काका, जगाला ही वीज हवी आहे. आपला माळ त्या कामी येत असेल तर चांगलेच.” आम्हांसही ते पटले. राहता राहिल्या थोरल्या वहिनी. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. त्या आजही गावच्या वाड्यात राहतात. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले व एवढेच विचारले, “भावजी, आणि धनगराला कोणी सांगितलं का?”

या एका प्रश्नापाशी आमची लेखणी आज येऊन थांबली आहे.

प्रथम विजेच्या बाजूने जे म्हणावयाचे ते पुरते म्हणू. ज्यांचे आयुष्य शहरात गेले त्यांस ठाऊक नसेल, पण आमच्या मराठवाड्यात शेतीपंपास वीज पाळीपाळीने मिळत आली, व ती पाळी पुष्कळदा रात्रीची. थंडीच्या दिवसांत मध्यरात्री बॅटरी हाती घेऊन गव्हास पाणी द्यावयास जाणे, पायाखाली साप-विंचू, बांधावर रानडुक्कर. असे दिवस आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या वडिलांनी काढले आहेत. दिवसा वीज मिळणे ही त्यांच्या दृष्टीने चैन नव्हे, तो जिवाचा प्रश्न आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील धोंदलगाव येथे या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प, तीन मेगावॉटचा, २०२४ साली सुरू झाला, व दीड हजारांहून अधिक शेतकऱ्यांस त्यावरून दिवसा वीज मिळू लागली. दुसरी गोष्ट पाण्याची. शेजारच्या परळीचे औष्णिक वीजकेंद्र जुलै २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळशाच्या विजेस कोळसा लागतो तसे पाणीही लागते. सूर्याच्या विजेस पट्ट्या धुण्यापुरते पुरते. ज्या प्रदेशात २०१६ साली लातूरकरांस आगगाडीने पाणी आणून पाजावे लागले, तेथे हा विचार लहान नव्हे. तेव्हा ‘ही नवी थेरं आम्हांस नकोत’ असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसू इच्छीत नाही.

परंतु सूर्य आकाशात असला तरी त्याची वीज जमिनीवर तयार होते. एक मेगावॉट विजेस साधारण चार ते पाच एकर जागा लागते. पवनचक्कीच्या पायास जागा थोडी लागते व भोवती पीकही घेता येते. पण तिच्यासाठी रस्ते पाडावे लागतात, तारा ओढाव्या लागतात. ही सर्व जागा येते कोठून? ज्याला विचारावे तो सांगतो, ‘पडीक जमिनीतून’. म्हणून ‘पडीक’ या शब्दाचाच थोडा विचार करू. शब्दांचा विचार करणे हा आमचा जुना व्यवसाय आहे, तेव्हा वाचक क्षमा करतील.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, ‘भूमिच्छिद्रविधान’ नावाचा एक अध्याय आहे. भूमिच्छिद्र म्हणजे जेथे नांगर चालत नाही अशी जमीन. तिचे काय करावे, तर आरंभीच सांगितले आहे की तेथे गुरांस चराई राखून द्यावी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावाभोवती शंभर धनुष्ये रुंदीचा पट्टा मोकळा सोडावयास सांगितले आहे, व नगराभोवती त्याच्या तिप्पट. धनुष्य म्हणजे चार हात, अर्थात सुमारे सहा फूट. म्हणजे गावाच्या चोहोंकडे सहाशे फूट चराईचे रान. त्या ग्रंथांतील पुष्कळ गोष्टी आज त्याज्य होत, व त्या टाकल्या हे बरेच झाले. आमचे म्हणणे इतकेच की, नांगर न चालणारी जमीन म्हणजे कोणाचीच नसलेली जमीन, असे आपल्या पूर्वजांनीही मानले नव्हते. ‘पड’ हा शब्द सारा गोळा करणाऱ्याच्या दृष्टीचा आहे. ‘गायरान’ हा शब्द गावाच्या दृष्टीचा आहे. जमीन एकच; पाहणारा बदलला की नाव बदलते.

आणि गायरान केवळ गाईंचे राहिले आहे असेही नाही. ज्यांच्या वाट्यास जमिनीचा तुकडा कधीच आला नाही अशा भूमिहीनांनी, विशेषतः दलित बांधवांनी, मराठवाड्यातील गायराने फोडून तीवर ज्वारी-तूर पिकविली. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे जे मोठे सत्याग्रह झाले, त्यांची मागणी हीच होती. पुढे १९९१ साली सरकारने ठरावीक मुदतीतील अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय केला. दुसऱ्या बाजूस सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी इतर कामांस देण्याविरुद्ध कडक निकाल दिला. म्हणजे गायरानावर गुरे राखणारा, कसणारा, न्यायालय आणि सरकार असे चार हक्कदार आधीच उभे आहेत. आता पाचवा आला आहे, तो सौरपट्टीचा. या योजनेत सरकारी जमीन नाममात्र एक रुपया वार्षिक भाड्याने देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीस तीन वर्षे दरसाल पाच लाख रुपये मिळावयाचे आहेत. आमच्यासारख्या उताऱ्यावर नाव असलेल्यास एकरी पन्नास हजार. ग्रामपंचायतीस काही लाख. आणि ज्याची शेळी तेथे चरत होती, ज्याची तूर तेथे उभी होती, त्यास काय? त्याचे नाव कोणत्याही कागदावर नसल्यामुळे तो या हिशेबात येतच नाही. भांडणाचे बीज आम्हांस येथे दिसते.

हे बीज कोठवर वाढते, याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. धुळे जिल्ह्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी वीजप्रकल्पासाठी घेतलेल्या आपल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घातले, आणि अखेर २२ जानेवारी २०१८ रोजी मंत्रालयातच विष घेतले. सहा दिवसांनी ते वारले. शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी या प्रकरणाच्या मुळाशी आहे, असे तपास यंत्रणेच्या आरोपपत्रात म्हटले आहे. जेथे जमीन, पैसा व अपुरी माहिती ही तिन्ही एकत्र येतात तेथे मध्यस्थ उत्पन्न होतात, आणि मध्यस्थांच्या मागून दांडगे येतात. पैठणच्या नाथसागरावर तरंगत्या सौरपट्ट्यांचा मोठा प्रकल्प योजिला गेला, तेव्हा तेथील मासेमारीवर पोट भरणारा कहार समाज हरित न्यायाधिकरणाकडे गेला. तेथे २०२४ साली त्यांचा अर्ज फेटाळला गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्याचे नाकारले. कायद्याने जो निकाल द्यावयाचा तो दिला. परंतु पाणीदेखील ‘रिकामे’ नसते, एवढे तरी त्यावरून दिसून येते.

माणसांचे असे, तर मुक्या जीवांचे काय? साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पुष्कळ वर्षांपासून पवनचक्क्या आहेत. तेथे भारतीय शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झाले, व त्यामुळे ते ज्यांस खात ते सरडे वाढले, असे त्यात आढळले. एक दोरा ओढला की सगळे वस्त्र हलते. आमच्याही माळावर लहानपणी ससे, तित्तिर, होले दिसत. आज किती आहेत हे आम्ही कधी मोजले नाही, कारण आम्ही तेथे कधी जातच नाही.

मग उपाय काय? हात जोडून बसणे हा उपाय नव्हे. २०२० साली नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या अभ्यासकांनी भारतापुरता एक हिशेब मांडला. २०२२ सालासाठी देशाने १७५ गिगावॉटचे उद्दिष्ट ठेविले होते. केवळ ऊन-वारा कोठे चांगला एवढेच पाहून जागा निवडल्या, तर ६,७०० ते ११,९०० चौरस किलोमीटर जंगल व २४,१०० ते ५५,७०० चौरस किलोमीटर शेती त्यात सापडेल. उलट, आधीच खराब झालेल्या जमिनींवरच लक्ष दिले तर १,७८९ गिगावॉटपर्यंत, म्हणजे उद्दिष्टाच्या दसपटीहून अधिक, वीज बसू शकते. तात्पर्य, जागेची टंचाई नाही. निवडीची टंचाई आहे. मात्र आमची एक पुस्ती तीस जोडतो. नकाशावर खडक दिसतो, माणूस दिसत नाही. नकाशाने जागा सुचवावी. परंतु तिच्यावर कोण जगतो हे गावात बसूनच विचारावे, व तेही करार होण्यापूर्वी.

दुसरा उपाय असा की, एकाच जमिनीकडून दोन कामे घ्यावी. १९८१ साली जर्मनीत आडोल्फ गोएत्सबेर्गर व आर्मिन त्सास्ट्रो या दोन शास्त्रज्ञांनी, पट्ट्या उंच व विरळ बसविल्या तर त्यांखाली बटाटे पिकतील, अशी कल्पना मांडली. त्या वेळी ती गमतीची वाटली असेल. आज निरनिराळ्या देशांत तिचे प्रयोग चालले आहेत. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने पट्ट्यांच्या मधल्या जागेत मूग, मटकी, कोरफड घेऊन पाहिली. आपल्या परभणीसही जर्मन साहाय्याने असा प्रयोग झाला आहे. युरोप-अमेरिकेत तर पट्ट्यांखालचे गवत काढावयास यंत्राऐवजी मेंढ्या सोडतात. सांगाडा उंच केला की लोखंड अधिक लागते व खर्च वाढतो, हे खरे. पण भांडणाचाही खर्च असतो, आणि तो कोणत्याच अंदाजपत्रकात धरलेला नसतो. तिसरा उपाय घरच्या छपराचा. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या ‘सूर्यघर’ योजनेत घरगुती छतास ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. ज्यांचे वाडे व बंगले आहेत त्या आमच्या वाचकांनी दुसऱ्याच्या माळाकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या गच्चीकडे पाहावे.

आता आमच्या घरची गोष्ट पुरी करू. वहिनींच्या प्रश्नानंतर आम्ही एस. टी. ने गावी गेलो व धनगरास बोलावणे पाठविले. तो आमच्याच वयाचा. त्याच्या आज्यापासून त्यांची मेंढरे आमच्या माळावर उतरतात, झऱ्यावर पाणी पितात, आणि पुढे काळ्या रानांत बसविली जातात. त्या लेंडीखतावर गावची ज्वारी पोसते. आम्ही त्यास सौरपट्ट्यांची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ मुकाट बसला. मग म्हणाला, “मास्तर, जमीन तुमची हाय, म्या काय बोलू? पर झरा कुंपणात गेला तर मेंढरं पाण्याला न्यायाची कुठं, तेवढं सांगा.” आमच्यापाशी उत्तर नव्हते. साठ वर्षे ज्या झऱ्याचे पाणी त्याची मेंढरे पीत आली, तो आमच्या उताऱ्यावर कोठेही नोंदलेला नाही.

नंतर आम्ही सर्व हिस्सेदारांस एकत्र बसविले. कोणी ओसरीवर, कोणी दूरध्वनीच्या पडद्यावर. आमच्या दोन्ही बहिणींसही बोलावले. कायद्याने त्यांचा हक्क असून आजवर त्यांस कोणी विचारले नव्हते, ही आमचीच चूक. धाकट्या बंधूंचा व आमचा शब्दास शब्द लागला, हे लपवून काय उपयोग? ते म्हणाले, “दादा, मेंढरांची चिंता आहे, माझ्या घरच्या औषधांची नाही?” या बोलण्याने आम्हांस दोन रात्री झोप आली नाही, कारण त्यात खोटे काहीच नव्हते.

अखेरीस ठरले ते असे. रस्त्याकडील खडकाळ आठ एकर भाड्याने द्यावे. झरा, त्याकडे जाणारी वाट व उतारावरचे गवत मिळून सहा एकर मोकळे राखावे. आठ एकरांचे भाडे सुमारे चार लाख. पाच हिश्श्यांत प्रत्येकी ऐंशी हजारांच्या आसपास. चौदा एकर दिले असते तर प्रत्येकी एक लाख चाळीस हजारांवर मिळाले असते. ही जी साठ हजारांची तूट, ती धाकट्या बंधूंच्या बाबतीत आमच्या चिरंजीव पुतण्याने व आम्ही निम्मी निम्मी भरून द्यावी. निवृत्त शिक्षकास दरसाल तीस हजार थोडे नव्हेत. पण मोकळ्या माळाचे मोल दुसऱ्याच्या आजारपणातून वसूल करावे, हे आम्हांस मान्य होण्याजोगे नव्हते. बंधू शेवटी ‘बरे’ म्हणाले. त्या ‘बरे’त किती राजीखुशी होती, ते आम्ही विचारले नाही.

ज्या वाचकांकडे असा प्रस्ताव येईल त्यांस अनुभवाच्या चार गोष्टी सांगून ठेवितो. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदल्यावाचून ताबा देऊ नये. मुदत संपल्यावर सांगाडे व काँक्रीट कोणी काढावयाचे, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. तीन टक्क्यांची वाढ ऐकावयास गोड वाटते. तिने भाडे दुप्पट होण्यास सुमारे चोवीस वर्षे लागतात, हे मुलांकडून गणित करवून पडताळून पाहावे, आणि तेवढ्या काळात ज्वारीचा भाव किती वाढला होता तेही घरातील वडील माणसांस विचारावे. आणि सर्वांत आधी, आपल्या जमिनीवर उताऱ्यात नाव नसलेले कोण कोण येते-जाते, त्याची यादी करावी. ही यादी पुण्या-मुंबईस बसून होत नाही. गावात राहणारे आपले जे कोणी वृद्ध माणूस असेल, त्यास विचारून होते.

आमचा आठ एकरांचा प्रस्ताव कंपनीच्या गृहस्थांनी वरिष्ठांकडे धाडला आहे. एवढ्या जागेत त्यांस परवडते की नाही, याचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. नकार आला तर चार लाखही जातील, याची आम्हां सर्वांस जाणीव आहे. वहिनींस आम्ही तसे बोलून दाखविले, तेव्हा त्या तांदूळ निवडीत होत्या. म्हणाल्या, “येईल तेव्हा बघू, भावजी. या वर्षी मेंढरं यायची वेळ झाली; झऱ्यात गाळ साचलाय, तेवढा काढून घ्या.”

असो. गाळ काढण्यास येत्या सोमवारी माणसे लाविली आहेत. पोथ्यांचा विषय पुढील अंकी.